काठावरचं पीठ

माझ्या मेसच्या भिंतीवर चौतीस फोटो होते. एकोणीस वर्षांत आमच्याकडे जेवून जी पोरं मेडिकलला, इंजिनिअरिंगला लागली त्यांचे. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचे यशस्वी विद्यार्थी'. आता तिथं नुसते चौतीस खिळे आहेत. नवीन पोरं विचारतात, काकू, खिळे कशाला ठेवलेत? मी म्हणते, माझ्यासाठी ठेवलेत, तुम्ही जेवा गपचूप.

मी रागीट बाई आहे. लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत दीडशे पोरांची मेस चालवायची तर आवाज चढाच ठेवावा लागतो. भाजी कच्ची राहिली, गॅस वेळेवर आला नाही, कुणी ताटात भात टाकून उठलं, की माझा पारा चढतो आणि तासाभरात उतरतो. पण हा राग उतरलेला नाही. त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, म्हणून उतरत नसेल.

माझी ईश्वरी दहावी झाली त्याच वर्षी गल्लीत पट्टी आली.

दहावीचा निकाल लागला की लातुरात घरोघर एकच वाद सुरू होतो. क्लास लावायचा, का एखाद्या सरांची ट्यूशन, का घरीच अभ्यास? आमच्याकडे वाद व्हायचं कारणच नव्हतं, कारण माझं ठरलेलं होतं. नवरा उदगीरच्या एसटी डेपोत मेकॅनिक, तो रविवारी घरी येतो आणि मी सांगितलेल्याला मान हलवतो. पण पोरगी हलवेना.

"मम्मी, मी घरीच करते की अभ्यास. अडलं तर होनराव सरांकडं जाते."

होनराव सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले फिजिक्सचे प्राध्यापक. एकटे राहतात, दुपारी आमच्याकडे जेवतात आणि घराच्या ओसरीत दहाबारा पोरांना शिकवतात. शिकवतात म्हणजे काय, पोरानं प्रश्न विचारला की ते त्यालाच उलटा प्रश्न विचारतात आणि पेपर वाचत बसतात. पोरगं अर्धा तास डोकं खाजवतं. आई-बापांनी तिथनं पोरं काढून घ्यायला सुरुवात केली होती ती उगाच नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

"पेपर वाचणाऱ्या मास्तरकडं जाऊन कुणी डॉक्टर झालंय का?" मी म्हणाले. "आन घरी काय करणारेस? माझ्यासंगं मेथी निवडत निवडत अभ्यास व्हतो का?"

"व्हतो," ती म्हणाली. "मेथी निवडताना माझं डोकं चांगलं चालतं."

मी हसले. ते हसणं मला आता आठवलं तरी जिवाला लागतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही 'शिखररेषा अकॅडमी'च्या एसी हॉलमध्ये बसलो होतो. संचालक माकणीकर सर पांढऱ्या शर्टात, हातात ती पट्टी. कपाळाभोवती बांधायची, बोटभर रुंद, काळी, आतून चमकणारे चार ठिपके.

"आपलं मूल चुकतं, तेव्हा सगळ्यांत आधी कुणाला कळतं?" त्यांनी विचारलं. "शिक्षकाला? आईला? नाही. त्याच्या स्वतःच्या मेंदूला. चूक घडली की पाव सेकंदाच्या आत, डोक्याच्या पुढच्या भागात, मधोमध, विजेची एक बारीक लाट उठते. मुलाला 'आपलं चुकलं' असं जाणवायच्याही आधी. ही लाट शास्त्रज्ञांना पन्नास वर्षं माहीत आहे. आम्ही फक्त ती वर्गात आणली. पट्टी लाट पकडते, स्क्रीनवरचा कॅमेरा डोळ्याची बाहुली मोठी झाली का ते पाहतो, आणि मूल अडकलं की त्याच क्षणी समोर पिवळ्या चौकटीत एक सूचना येते. एकच ओळ. मूल सुटतं आणि पुढं जातं. आमच्याकडं कुणी अडकून बसत नाही."

हॉलभर टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात माझ्या असतील. दोन पानी संमतीपत्र होतं, त्यावर मी वाचल्याशिवाय सही केली.

पहिले दहा दिवस सूचना बंद ठेवून नुसती मोजणी झाली. कोण किती वेळा अडकतं आणि किती वेळ अडकून राहतं यावरून प्रत्येकाचा अडकण-अंक काढला. कमी अंकवाले 'शिखर' बॅचला, मधले 'कडा' बॅचला, आणि ज्यांचा अंक जास्त ते 'पायथा' बॅचला. यादी गेटवर चिकटवली. यादीत खालून पहिलं नाव होतं, ईश्वरी मल्लिनाथ हलकुडे.

अख्ख्या गल्लीनं ते वाचलं. भाजीवाली सुद्धा म्हणाली, असू द्या ताई, सगळीच कुठं हुशार असतात.

मी घरी येऊन पोरीला धारेवर धरलं. "अडकतीस कशाला एवढी? येत नसंल तर सोडून पुढं जायचं की! बाकीची पोरं काय येडी हैत का?"

"मम्मी, कळल्याबिगर पुढं कसं जाऊ?"

"आस्सं? मग रहा तिथंच. ढ कुठली."

हा शब्द मी उच्चारला. एकदा नाही. पुढचं दीड वर्ष, राग आला की तोच शब्द तोंडात यायचा.

पायथा बॅचला शिकवायला कुणी नव्हतं. तळमजल्यावर टेलिफोन बूथएवढ्या केबिनी होत्या, प्रत्येकीत एक खुर्ची, एक टॅब आणि एक माईक. कपाळाला पट्टी होतीच, पण पिवळी चौकट नाही. भिंतीवर पाटी, 'मोठ्यानं विचार करा'. मनात येईल ते बोलायचं, चुकीचं असलं तरी बोलायचं. "मंद मुलांना विचार करायची सवय लागावी म्हणून," असं मला ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं. फीमध्ये सवलत होती, म्हणून मी जास्त विचारलं नाही.

"मम्मी, तिथं कुणी काही शिकवंना," ईश्वरी म्हणायची. "नुसतं बोलायला लावायलेत."

"तुझंच ध्यान नसंल," मी म्हणायचे.

घरी आली की ती माझ्याशी न बोलता शकूमावशीजवळ जाऊन बसायची. शकूमावशी मुरूडची. बारा वर्षं आमच्या भाकरी थापते. परातीत पीठ भुरभुरून त्यावर गोळा ठेवते आणि तळव्यानं दाबत दाबत गोल फिरवते. अकरावीच्या श्रावणात एकदा ईश्वरी तिच्यासमोर बराच वेळ बसून होती. दोन दिवस ती कसल्या तरी गणितावर अडकली होती. चकती फिरते आहे, तिचं वजन तेवढंच ठेवून ती दुप्पट रुंद केली आणि मधल्या आसाला पीळ तेवढाच दिला, तर फिरण्याचा वेग निम्मा व्हायला हवा. पुस्तकात उत्तर होतं पाव. निम्मा का नाही, पाव का? सूत्र तिला पाठ होतं. सूत्र असं का आहे ते तिला पाहिजे होतं.

"मावशी, परत थाप बरं," ती म्हणत होती. "बारीक गोळ्याला हात लाव. आता मोठ्या भाकरीला तेवढाच हात लाव."

"बाई, ह्या पोरीला येड लागलं," शकूमावशी मला म्हणाली.

तेवढ्यात ईश्वरी उभी राहिली आणि मोठ्यानं हसली. पाणी पिऊन, चपला घालून क्लासला पळाली. मी मागून ओरडले, "हसायला काय झालं? तिकडं अभ्यास कर!"

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते.

बारावीच्या जानेवारीअखेर अकॅडमीच्या नागपूर शाखेतून वीस मुली शेवटच्या तीन महिन्यांसाठी लातूरला आल्या. सगळ्या शिखर बॅचच्या. त्यातल्या सहा आमच्या मेसला लागल्या. पहिल्याच दुपारी त्यातली एक, अन्विता देवतळे, उंच, चष्मेवाली, कपाळावर पट्टीचा वळ, ताट हातात धरून रांगेतून बाहेर आली आणि थेट चुलीकडे गेली.

"काकू, ह्या शकूमावशी आहेत का?"

मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाली, "व्हय की. तू कुणाची गं? मुरूडची का?"

"नाही, मी नागपूरची."

"मग मला कशी वळखतीस?"

"तुम्ही आमच्या पट्टीत आहात न!" पोरगी आनंदानं लालेलाल झाली होती. "आम्हाला वाटे की कोणी खोटी बाई असेल, कार्टूनसारखी. तुम्ही खरंच भाकरी करता!"

तिनं दप्तरातून टॅब काढून मला दाखवला. जुन्या धड्यातली पिवळी चौकट. आत लिहिलं होतं, 'शकूमावशीची भाकरी आठव. काठावरचं पीठ दोनदा भारी पडतं. एकदा ते मध्यापासून लांब असतं म्हणून, आणि एकदा त्याला लांबचा फेरा घ्यावा लागतो म्हणून.'

"पूर्ण बॅचचं अडून राहिलं होतं," अन्विता म्हणाली. "निम्मा का नाही, पाव का. ही ओळ आली आणि एका मिनिटात सगळ्यांचं सुटलं."

ईश्वरी पलीकडच्या पंगतीत वरण वाढत होती. तिनं बादली खाली ठेवली, येऊन ती ओळ वाचली, परत एकदा वाचली.

"हे मी म्हणलं होतं," ती म्हणाली. "केबिन नंबर सातमदी. घरी निम्मंच सुटलं होतं, बाकीचं तिथं माईकवर बोलता बोलता सुटलं."

दीडशे पोरं जेवत होती, पण मला काही ऐकू येईना.

होनराव सर कोपऱ्यात ताक पीत होते. त्यांनी टॅब मागून घेतला आणि चष्मा कपाळावर ढकलून वाचला. मग मला समोर बसायला सांगितलं. सर मला कधी बसा म्हणत नाहीत.

"महानंदाबाई, मशीनला गणितं येतात. माझ्यापेक्षा चांगली येतात. पण न येणं कसं असतं, ते मशीनला कसं कळणार? ते कधी अडकलंच नाही. त्यामुळं त्याची सूचना बरोबर असते, पण पोराच्या डोक्यात बसत नाही. सतरा वर्षांच्या पोराला कळेल असं वाक्य दुसऱ्या सतरा वर्षांच्या पोरालाच सुचतं. तेही स्वतः अडकून, स्वतः सुटलेल्याला. ते त्यांनी हेरलं."

"पण सर, ती सुटली कधी आन म्हणली काय, हे त्यांना नेमकं कसं कळलं?"

त्यांनी उजव्या कानाच्या वर बोट टेकलं. "अडकलेलं सुटतं ना, 'हां, कळलं!' असं होतं, त्याच्या जरा आधी इथं मेंदूत लहरींची उसळी येते. फार जलद, फार थोडा वेळ. चूक झाल्यावरची लाट पकडणारी पट्टी ही लहरही पकडते. त्या क्षणी माईकवर पोर जे बोललं ते उचलायचं. झाली सूचना तयार. ज्याला लवकर येतं त्याच्याकडनं असलं काही मिळत नाही. त्यासाठी अडकणारं पोरगं लागतं. भरपूर अडकणारं, पण हार न मानणारं."

"म्हणजे पायथा बॅच..."

"पायथा बॅच ढ पोरांची नाही. ती त्यांची विहीर आहे. पाणी शेंदून वर पाठवतात."

मी तशीच उठले. हाताला पीठ होतं, ते पदराला पुसलं आणि रस्ता ओलांडून अकॅडमीत गेले. ऑफिसातली मुलगी 'अपॉइंटमेंट' म्हणाली, तोवर मी आत होते.

माकणीकर सरांनी मला पाणी दिलं. ते चिडले नाहीत, खोटंही बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त संताप आला.

"हलकुडे ताई, संमतीपत्राचं दुसरं पान. 'विद्यार्थ्याच्या विचारप्रक्रियेचा शैक्षणिक वापर.' तुमची सही आहे."

"माझ्या पोरीला दीड वर्ष एक अक्षर शिकवलं नाही तुम्ही!"

"शिकवलं असतं तर ती अडकली नसती. आणि तिचं काय कमी झालं? विचार तर ती तशीही करत होती. उलट तिच्या एका वाक्यानं चार शहरांतली साडेतीन हजार मुलं पुढं गेली. आम्ही सूचनेतून त्या भाकरीवाल्या बाईंचं नाव काढूनही पाहिलं. नाव काढलं की सूचनेचा परिणाम घटायचा. का ते आमच्या इंजिनिअरना अजून कळलेलं नाही."

"ती साडेतीन हजार पोरं हिच्याच परीक्षेला बसणार हैत," मी म्हणाले. "जागा तेवढ्याच हैत. हिनं दोन दिवस डोकं फोडून काढलेलं त्यांना एका मिनिटात, आन हिला काय? गेटवर खालून पहिलं नाव! अख्ख्या गल्लीनं वाचलं ते!"

त्यांनी खणातून एक निळं कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं.

"उद्यापासून ईश्वरी शिखर बॅचला. सगळ्या सूचना मिळतील. दिवसातला एक तास केबिनमध्ये बसेल, बास. तीन महिने राहिलेत, ताई. सरकारी मेडिकलची जागा पाहिजे ना?"

मी ते कार्ड त्यांच्या तोंडावर फेकलं, असं मला इथं लिहायला आवडलं असतं. मी ते घेतलं. घडी पडू नये म्हणून पदराखाली धरून घरी आणलं.

ईश्वरी मेथी निवडत होती. मी कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. माझ्या आवाजात आनंद होता, तो मला लपवता आला नाही. "शिखर बॅच, ईशू. आता बघ म्हणावं गल्लीला."

तिनं कार्ड बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"त्यांनी मला ढ म्हणलं, त्याचं मला काही वाटंना. त्यांचा धंदाच हाय. तू का म्हणलीस, मम्मी?"

मी वाकून खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागले.

"मला खरंच वाटायलं होतं," ती म्हणाली. "की मी ढ हाय. केबिनमदी बसून मी रोज हेच बोलायचे. 'मी ढ हाय, मला कळंना.' ते पण त्यांनी टेप केलं असंल. ते कुणाला पाठवलं असंल?"

मग ती रडली. दीड वर्षाचं रडली. शकूमावशीनं भाकरी तव्यावर करपू दिली आणि येऊन तिला जवळ घेतलं. मला जवळ जायची हिंमत झाली नाही. कार्ड मेथीच्या काड्यांसोबत गेलं. दुसऱ्या दिवसापासून ईश्वरी अकॅडमीत गेली नाही.

फेब्रुवारीत अकॅडमीची पहिली पट्टीशिवायची सराव परीक्षा झाली, कारण खऱ्या परीक्षेत पट्टी लावू देत नाहीत. त्या दुपारी शिखर बॅचच्या मुली जेवायला आल्या त्या तोंडं पाडूनच. अन्वितानं ताट घेतलंच नाही. हात पुन्हा पुन्हा कपाळाकडे जात होता.

"काकू, तिसऱ्या प्रश्नाला अडकले," ती म्हणाली. "मग बसूनच राहिले. चौकट येईल म्हणून वाट पाहून राहिले होते. येणार नाही माहीत होतं, तरी पाहत होते. अडकल्यावर काय करायचं असते, तेच मला माहीत नाही न."

मला तिचा राग यायला हवा होता. माझ्या पोरीचं खाऊन मोठी झालेली पोरगी. पण कपाळावरचा वळ चोळत बसलेल्या लेकराचा राग येतो का कुणाला? माझा राग रस्त्यापलीकडेच राहिला.

ईश्वरी मात्र तिच्याकडे बराच वेळ बघत होती. मग वही घेऊन समोर बसली.

"तिसरा प्रश्न सांग. पण मी काही सांगणार नाही. तू अडकायचं, आन मी बसते हितं."

"किती वेळ?"

"मला काय माहीत? मला दोन दिवस लागले होते."

असं ते सुरू झालं. दुपारची पंगत उठली की तीन ते सहा मेस रिकामी असते. आधी ह्या दोघी बसायच्या. मग पायथा बॅचची पोरं यायला लागली, एक एक करत अकरा झाली. पट्टी नाही, माईक नाही. होनराव सर ताक पिऊन घरी जायचे ते तिथंच पेपर उघडून बसायला लागले.

मी एकदा त्यांना विचारलं, "सर, खरं सांगा. क्लास बरा, का ट्यूशन, का घरचा अभ्यास?"

"कुठंही बसवा," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "शिकवायला माणूस लागतोच, मी पण शिकवतो. पण अडकायचं पोरानं एकट्यानंच असतं. त्या वेळी त्याच्याजवळ गप्प बसू शकेल असं कुणी आहे का, ते बघा. तुम्ही बसाल?"

मी बसले. लसूण सोलत, शेंगा फोडत. एखादं पोरगं वीस मिनिटं एकाच ओळीवर पेन टेकवून बसलं की माझ्या जिभेवर शब्द यायचा. सोड की, पुढं जा की, बाकीचे कुठं गेले बघ! तो गिळायचा. दीडशे पोरांचा स्वयंपाक त्यापेक्षा सोपा आहे. एकदा ईश्वरीनं वर बघितलं, माझं आवळलेलं तोंड बघितलं आणि हसली. दीड वर्षानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

मार्चमध्ये अकॅडमीचा एक माणूस आला. पायथा बॅचच्या पोरांनी केबिनमध्ये हजेरी लावली नाही तर फॉर्म भरायला अडचण येईल, असं म्हणू लागला. अन्वितानं मला आधीच सांगितलं होतं की नव्या धड्यांना चौकटी येतात, पण त्यात सगळं जुनंच असतं. त्यांची विहीर आटली होती. फॉर्म ज्याचे त्याला घरी बसून भरता येतात, हे मला माहीत होतं. मी त्या माणसाला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. जाताना त्याची एक चप्पल आमच्या दारात राहिली.

मे महिन्यात परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला. ईश्वरीला गोंदियाचं सरकारी मेडिकल मिळालं. पहिल्या शंभरात नाही, पहिल्या हजारात नाही, पण मिळालं. अकरातल्या आणखी तिघांना जागा मिळाल्या. बाकीच्यांना नाही. अन्विताला नाही. दीड वर्ष जे गेलं ते तीन महिन्यांत परत येत नाही, आणि त्याचा हिशेब कुणी देत नाही. ती म्हणाली, काकू, पुढच्या वर्षी परत बसते, पण तुमच्या मेसमध्येच. मी म्हणाले, ये.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी शकूमावशी धावत आत आली. "बाई, बाहेर या. आपली ईशू फलकावर हाय."

अकॅडमीच्या कुंपणावर चाळीस फुटांचा फ्लेक्स होता. 'शिखररेषाचे मानकरी'. दोनशे चेहरे. तिसऱ्या ओळीत, डावीकडून सहावी, माझी ईश्वरी. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी काढलेला फोटो, दोन वेण्यांचा. खाली लिहिलं होतं, 'ईश्वरी हलकुडे, शिखर बॅच'.

मी आत गेले. भाजी चिरायची सुरी घेतली, भिंत पुसायची शिडी घेतली. सकाळचे दहा वाजले होते, गल्ली भरलेली होती. वॉचमन ओरडत आला, पण शिडीखाली शकूमावशी लाटणं घेऊन उभी होती. मी पहिला काप दिला तेव्हा माकणीकर सर बाहेर आले.

"ताई, खाली या. लोक बघताहेत. ती आमची विद्यार्थिनी होती, फोटोचीही संमती आहे."

"ती तुमच्याकडं शिकली का तुम्ही तिच्याकडं?" मी वरून ओरडले. "केबिन नंबर सात लिहा की खाली! लिहा, पायथा बॅच! लिहा, खालून पहिली!"

खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सर मात्र शांतच होते. ते जवळ आले आणि मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "ताई, इथं सगळेच लावतात. तुमच्या मेसमध्ये चौतीस आहेत ना? त्यांना काय शिकवलंत तुम्ही?"

माझा हात थांबला. मग मी उरलेली बाजू कापली, फोटो गुंडाळून काखेत घेतला आणि खाली उतरले.

मेसमध्ये येऊन मी भिंतीसमोर उभी राहिले. चौतीस पोरं. वरून चौथा, मी नाव घेत नाही, तो वर्षभर हात धुवायच्या मोरीजवळ रडायचा. मी त्याला म्हणायचे, रडतोस काय, लाग अभ्यासाला, बाकीचे बघ कुठं गेले. तो लागला आणि मी त्याचा फोटो लावला. रडायचा तेव्हा मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा, कुठं अडकलास?

मी एक एक फोटो उतरवला. ईश्वरी मागे येऊन उभी राहिली होती. खालच्या ओळीतले तिनं उतरवले, वरच्या ओळीतले मी.

फ्लेक्सचा तो तुकडा शकूमावशीनं उलटा करून पिठाच्या डब्यावर घातलाय. ईश्वरी गोंदियाला गेली. अन्विता आली, आणि तिच्यासोबत यंदा सतरा पोरं दुपारी तीन ते सहा बसतात. कुणीतरी अडकतंच. पेन एका जागी थांबतं, माझ्या हातातली शेंग थांबते, आणि तो शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसतो. मग मी भिंतीकडे बघते, एका कडेनं खिळे मोजायला लागते, आणि तोंड बंद ठेवते.